आकडी कोडांपैकी शून्याने सुरू होणारे तेवढे बचावले

गोदामाच्या साठ्याच्या यादीत त्या सकाळी ०, १, २, ३ अशा कोडच्या वस्तू दिसू लागल्या. असे कोड आमच्याकडे कधीच नव्हते. आदल्या दिवशी मोजून दुरुस्त केलेले आकडे काही वस्तूंना बरोबर लागले होते, तर काही वस्तू यादीतून सरळ गायब होत्या. पहिला संशय गोदामातल्या माणसांवर गेला, नोंदी धड केल्या नसतील म्हणून. मला ते पटेना. माणसाच्या हातून चुका होतात त्या विखुरलेल्या असतात. इथे सगळं फार शिस्तीत बिघडलं होतं.

रात्रीचं काम पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट करायची. एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या माहितीच्या फाइलमध्ये, साठा, दुसरीत दुरुस्त्या. दोन्हींत वस्तूचा कोड ही की, म्हणजे नोंद शोधायचं नाव, आणि शिल्लक ही व्हॅल्यू, म्हणजे त्या नावाखालचा आकडा. अशा जोड्यांचे दोन्ही संच, म्हणजे ॲरे, पीएचपीच्या ‘ॲरे_मर्ज’ या फंक्शनने जोडायचे आणि निकाल साठ्याच्याच फाइलवर लिहायचा. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गायब कोडांची यादी काढली आणि बघत बसलो. अक्षरं असलेला ‘केबी-४५७’ शाबूत. ‘०४५७’ शाबूत. ‘४५७०’ गेला. जे गेले ते सगळे निव्वळ आकडी, शून्याने सुरू न होणारे. नव्या प्रकारच्या मालाला नुकतेच असे कोड दिले गेले होते आणि त्यांचा साठा पहिल्यांदाच या स्क्रिप्टमधून गेला होता.

तिथे उलगडा झाला. पीएचपीमध्ये ‘४५७०’ ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेला कोड, की म्हणून वापरली तर ती गुपचूप पूर्णांक होते. ‘०४५७’ मात्र स्ट्रिंगच राहते, कारण पूर्णांक केला तर पुढचा शून्य हरवेल. आणि ‘ॲरे_मर्ज’ या दोघांना वेगवेगळं वागवतं. स्ट्रिंग की दोन्हींकडे असेल तर नंतरची व्हॅल्यू आधीचीवर बसते. पूर्णांक की असेल तर काहीच कशावर बसत नाही. सगळ्या व्हॅल्यू एकामागून एक लागतात आणि त्यांना शून्यापासून नवे क्रमांक मिळतात. फंक्शनने आपलं काम चोख केलं होतं. पीएचपीचा ॲरे यादीही असतो आणि शब्दकोशही. पूर्णांक की दिसली की तो क्रमांक आहे, ओळख नव्हे, असं ‘ॲरे_मर्ज’ धरून चालतं. आमच्या कोडसाठी ती ओळख होती.

दुरुस्ती एका शब्दाची होती: ‘ॲरे_रिप्लेस’. ते कोणतीही की बदलत नाही आणि नंतरच्या ॲरेला मान देतं. सहकारी म्हणाली, ‘अधिकचं चिन्ह का नको?’ चाललं असतं, पीएचपीत त्यानेही ॲरे जोडता येतात, पण तिथे डावीकडचा ॲरे जिंकतो, म्हणजे दुरुस्त्या डावीकडे लिहायला हव्यात. पायथन या दुसऱ्या भाषेत ३.९ आवृत्तीपासून दोन डिक्शनरी, म्हणजे तिथले की-व्हॅल्यूचे संच, उभ्या रेघेने जोडता येतात आणि तिथे उजवी बाजू जिंकते. दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांच्या टीममध्ये मला असं चिन्ह नको होतं. ‘रिप्लेस’ हा शब्द वाचणाऱ्याला निदान विचार करायला लावतो.

खरा प्रश्न गेलेल्या आकड्यांचा होता. साठ्याची जुनी फाइल पुसली गेली होती. पण ‘ॲरे_मर्ज’ क्रम मोडत नाही: आधी पहिल्या ॲरेतल्या व्हॅल्यू, मग दुसऱ्यातल्या, जशा होत्या तशा. म्हणजे शिल्लक हरवलीच नव्हती, फक्त तिचं नाव गेलं होतं. वस्तूंची नोंदवही शाबूत होती आणि साठ्याची फाइल त्याच क्रमाने लिहिली जायची. दुरुस्त्यांची फाइलही होती. दोन्हींतले हरवलेले कोड ओळीने लावायचे आणि ‘ॲरे_कम्बाइन’ने नवे क्रमांक लागलेल्या व्हॅल्यूंशी जोडायचे. एखादा कोड दोनदा आला तर ते फंक्शन नंतरची व्हॅल्यू ठेवतं. आणि नंतरची म्हणजे दुरुस्त केलेली! मर्जने जे करायला हवं होतं तेच यातून आपोआप होणार होतं. हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

सहकारीने पहिल्यांदा चालवलं तेव्हा एरर आला. कोड आणि व्हॅल्यू यांची संख्या जुळली नाही तर पीएचपी ८ मध्ये ‘ॲरे_कम्बाइन’ ‘व्हॅल्यू एरर’ फेकतं. ते थांबलं याचं मला फार बरं वाटलं, नाहीतर प्रत्येक आकडा शेजारच्या वस्तूला चिकटला असता. तिने ‘सगळे अंक आहेत का’ एवढंच तपासून कोड निवडले होते, त्यामुळे शून्याने सुरू होणारे, न हरवलेले कोडही आत आले होते. मग आम्ही निवड पीएचपीवरच सोपवली: कोडांना की बनवलं आणि ज्या की पूर्णांक झाल्या तेवढ्याच घेतल्या. संख्या तंतोतंत जुळली.

तरी पडताळा हवाच होता. गोदामातल्या लोकांनी नव्या मालाची मोजणी करून फाइल पाठवली. दोन ॲरेंतला फरक काढणारं ‘ॲरे_डिफ_असोक’ लावलं तर जवळजवळ सगळंच वेगळं निघालं. हे फंक्शन व्हॅल्यूंची तुलना स्ट्रिंग करून करतं: आमच्याकडे डेटाबेसमधून आलेलं ‘१२.५०’, त्यांच्याकडे १२.५. माणसाला एकच, स्ट्रिंग म्हणून वेगळं. ‘ॲरे_यूडिफ_असोक’ला तुलनेचं स्वतःचं फंक्शन देता येतं, त्यात आकड्याशी आकडा ताडून पाहिला आणि फरक शून्यावर आले. मग ॲरेंची जागा बदलून पुन्हा चालवलं, कारण ही फंक्शन एकाच बाजूने बघतात: पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही एवढंच सांगतात. उलट्या फेरीत थोडे जास्तीचे कोड निघाले. तो त्याच सकाळी उतरलेला माल होता, अजून कुठल्याच फाइलमध्ये नोंद नसलेला.

गोदामप्रमुखांना मी स्वतः फोन करून सांगितलं, की तुमच्या लोकांच्या नोंदी अचूक होत्या. आता त्या स्क्रिप्टला चाचणी आहे. तिच्यात तीन कोड आहेत: एक अक्षरांचा, एक शून्याने सुरू होणारा आणि एक निव्वळ आकडी. तिन्ही साठ्यातही आहेत आणि दुरुस्तीतही, आणि जोडल्यावर तीनच उरायला हवेत.