डॉक्युमेंटेशनमधली चुकीची क्वेरी बदलून घेताना

दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती मान्य होईपर्यंत अख्खा पावसाळा गेला. अजून राग येतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मार्चअखेरचा विक्री रिपोर्ट पाहून तिथल्या अकाउंटंट काकांचा फोन आला, "सर, एकतीस तारखेची बिलं कुठं गेली हो?" वर्षाचा शेवटचा दिवस, रात्रीपर्यंत बिलं फाडलेली, आणि रिपोर्टमध्ये त्यातलं एकही नाही. त्या रिपोर्टची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा, आधीच्या प्रोग्रामरने डेटाबेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानांतून, जशीच्या तशी उचलली होती. तारखेसोबत वेळही असलेल्या कॉलमवर 'बिट्वीन १ मार्च अँड ३१ मार्च' अशी अट. बिट्वीनमध्ये दोन्ही टोकं धरली जातात हे खरं, पण नुसती तारीख लिहिली की डेटाबेस ती रात्री १२ ची वेळ समजतो. म्हणजे ३१ तारीख सुरू होते तिथेच हिशोब थांबतो.

डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती लिहून पाठवणं सोपं गेलं. अडलं ते त्यांच्या तपासणीत. पहिलं उत्तर आलं की उदाहरण फक्त समजावण्यासाठी आहे, आणि खाली छापलेला निकाल बरोबरच येतो. येणारच! नमुना टेबलमध्ये शेवटच्या दिवसाची एकही नोंद नव्हती. मग बरेच दिवस शांतता. पुन्हा आठवण केली, तर दुसऱ्या कुणीतरी सुचवलं की शेवटी २३:५९:५९ लिहा. त्यालाही मी ठाम नकार दिला, कारण त्या शेवटच्या सेकंदाच्या अंशात पडलेली नोंद तरीही सुटते. १ मार्च किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी, हीच अट योग्य. उदाहरण समजावण्यासाठी असतं म्हणूनच ते अचूक हवं. लोक वरचा मजकूर वाचत नाहीत, क्वेरी कॉपी करतात आणि त्यावर कुणाचा तरी हिशोब चालतो.

शेवटी वाद घालणं सोडलं आणि तीन नोंदींचं टेबल बनवून पाठवलं. त्यातली एक ३१ मार्चच्या संध्याकाळी सहाची. जुनी क्वेरी, तिचा निकाल, नवी क्वेरी, तिचा निकाल. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, दुरुस्ती स्वीकारली गेली. तुम्ही हे पहिल्याच दिवशी जोडा, माझ्यासारखी वाट पाहावी लागणार नाही.

आणखी एक, कॉलममध्ये नुसती तारीखच साठवलेली असेल तर बिट्वीन बरोबर चालतं. हे दुरुस्तीसोबत आधीच लिहून टाका, नाहीतर तपासणारा नेमकं तेच उदाहरण पुढे करतो. आणि त्याच पानावरच्या इतर चुकांना हात लावू नका. एका दुरुस्तीत एकच गोष्ट असली की नाही म्हणायला जागा उरत नाही.

काकांना नवा रिपोर्ट मी त्याच दिवशी काढून दिला होता. डॉक्युमेंटेशनच्या जुन्या आवृत्त्यांत ती क्वेरी अजून तशीच आहे. त्यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती पाठवली आहे, या वेळी टेबलासकट.