जहाजाआधी खाजण: माझा अनुभव

खोल समुद्रातील सूक्ष्मजीवांवर काम करू पाहणाऱ्या नवख्या संशोधकाला मोहिमेच्या जहाजावर जागा मिळणे किती अवघड असते, हे पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर मला लवकरच कळले. जहाजे मोजकी, त्यांचे दिवस आधीच वाटलेले आणि इच्छुक पुष्कळ. माझा विषय होता समुद्रतळातून मिथेन झिरपतो अशा जागी ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव. असे झिरपे आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळावर आढळले आहेत. जहाजाची वाट पाहण्यापेक्षा रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतील खाजणात हात बसवून घे, असे माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

त्यामागे रसायनशास्त्र होते. खाडीच्या चिखलात काही मिलिमीटर खालीच ऑक्सिजन संपतो. त्याखाली जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून सेंद्रिय द्रव्य कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. झिरप्यांमध्ये खालून येणारा मिथेन आणि वरून उतरणारे सल्फेट ज्या थरात भेटतात, तेथे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि जिवाणू एकमेकांना चिकटून मिथेनवर जगतात. ऑरेगॉन किनाऱ्यासमोरील हायड्रेट रिजच्या गाळातील अशा जोडीचे वर्णन 2000 साली प्रसिद्ध झाले. त्यांची संख्या दुप्पट व्हायला महिने लागतात, त्यामुळे नमुन्यात हवा शिरली तर केवळ एक बाटली नव्हे, तर महिनोन्‌महिन्यांची वाढ वाया जाते.

ओहोटी लागली की मी खाजणात उतरत असे. कोठे पाय टिकतो आणि कोठे गुडघ्यापर्यंत रुततो, हे मुळे (चिखलातील शिंपले) काढायला आलेल्या काकूंनी दाखवले नसते, तर अर्धी ओहोटी नुसती चालण्यातच गेली असती. पारदर्शक नळी सरळ चिखलात दाबायची, वरून रबरी बूच बसवायचे, मगच ती हळूहळू उपसायची. वर पिवळसर तपकिरी पातळ थर आणि त्याखाली सडक्या अंड्यासारखा वास येणारा काळाभोर चिखल दिसे. टोक कापलेल्या सिरिंजने मधला भाग उचलून नायट्रोजन सोडलेल्या बाटलीत घालायचा आणि जाड रबरी बुचावर ॲल्युमिनियमची टोपी आवळायची. बाटलीतल्या पोषक द्रावणात रेझाझुरिन हे ऑक्सिजन दाखवणारे रंगद्रव्य घातलेले असते. ऑक्सिजन असेपर्यंत ते गुलाबी राहते आणि गेला की रंगहीन होते. बाटलीतला तो गुलाबीपणा ओसरताना पाहणे मला आजही मनापासून आवडते. प्रयोगशाळेतील महागड्या बंद पेटीत हे काम कोणालाही जमेल. उन्हात, चिखलाने माखलेल्या हातांनी जमणे हीच खरी तयारी, असे माझे ठाम मत आहे.

पुढे मोहिमेत निवड झाली. गाळाची नळी डेकवर आली तेव्हा जहाज हेलकावत होते, पण कशानंतर काय करायचे हे आठवावे लागले नाही. नमुने लगेच शीतखोलीत नेऊन भरले.

दाब मात्र खाडी शिकवू शकत नाही. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि काही सूक्ष्मजीवांच्या वाढीत त्याचा मोठा वाटा असतो. हिंदी महासागरातील कैरेई या समुद्रतळावरील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या क्षेत्रातून मिळालेला मिथेनोपायरस हा आर्किया प्रयोगशाळेत 122 अंश सेल्सिअसला वाढला, तो उच्च दाबाखालीच. माझ्या बाटल्या सध्या थंड कपाटात मिथेनखाली ठेवल्या असून त्यांतील सल्फाइड, म्हणजे हे जीव मिथेनवर जगत असल्याची खूण, मी ठरावीक अंतराने मोजते. ते वाढत राहिले तर पुढची वाढ दाबपात्रात करायची आहे आणि तशी सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे मी अर्ज पाठवला आहे.