एक काठ येणाऱ्यांचा, एक जाणाऱ्यांचा: थॉम्पसन-फ्रेझर घळईतल्या मालगाड्या

कॅनडातल्या व्हँकुव्हरहून महामार्ग क्रमांक १ ने पूर्वेला निघालं की साधारण १५० किलोमीटरवर होप लागतं. तिथून रस्ता उत्तरेला वळतो आणि फ्रेझर नदीच्या घळईत शिरतो. लिटनला फ्रेझरची साथ सुटते, थॉम्पसनची सुरू होते आणि ती स्पेन्सेस ब्रिज या गावावरून पार अ‍ॅशक्रॉफ्टपर्यंत टिकते. होप ते अ‍ॅशक्रॉफ्ट हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं, पण या वाटेवर नदीच्या दोन्ही काठांनी रूळ आहेत. एका काठाला कॅनेडियन नॅशनल म्हणजे सीएन, समोरच्या काठाला कॅनेडियन पॅसिफिक. एप्रिल २०२३ मधल्या विलीनीकरणानंतर दुसऱ्या कंपनीचं नाव सीपीकेसी झालं, पण लाल इंजिनांवर जुनी अक्षरं अजून भरपूर दिसतात, त्यामुळे मी सीपीच म्हणतो.

दोन कंपन्या, दोन मार्ग. तरी गाड्या मात्र कंपनीप्रमाणे धावत नाहीत, आणि इथे कॅमेरा घेऊन येणाऱ्याने सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं. मिशन गावाजवळच्या खोऱ्यापासून अ‍ॅशक्रॉफ्टच्या अलीकडपर्यंत दोघींनी आपापले मार्ग एकमेकींना खुले केले आहेत. पश्चिमेला, म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या दोघींच्याही गाड्या सीएनच्या रुळांवरून जातात आणि पूर्वेला परतणाऱ्या सीपीच्या रुळांवरून. एकेरी मार्ग असेल तर समोरून येणाऱ्या गाडीसाठी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, ताटकळावं लागतं. इथे ती भानगडच उरत नाही. भरलेल्या जड गाड्यांना सीएनचा कमी चढाचा रस्ता मिळतो आणि रिकाम्या वाघिणी समोरून वर चढतात. म्हणूनच सीएनच्या रुळांवर लाल इंजिनांची कोळसागाडी दिसली तर त्यात नवल काही नाही. रुळांच्या देखभालीसाठी एखादा मार्ग बंद ठेवला की हा क्रम मोडतो, पण एरवी कुठल्या काठाला गाडीचं तोंड कुठे असणार हे आधीच ठाऊक असतं.

मग उरतो प्रश्न उन्हाचा. मालगाडीच्या फोटोत इंजिनाचं तोंड उजळलेलं हवं. बाजूवर लखलखीत ऊन आणि तोंड काळं असेल तर गाडी निर्जीव वाटते. लिटन ते स्पेन्सेस ब्रिज या पट्ट्यात थॉम्पसन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहते. महामार्ग आणि सीपी डाव्या काठाला आहेत, सीएन पलीकडे, उजव्या काठाला. सीएनवरून खाली येणाऱ्या गाडीचं तोंड नैर्ऋत्येला असतं. सकाळी सातला समोरचा कडा सोन्यासारखा दिसतो, पण तेव्हा सूर्य गाडीच्या पाठीमागे असतो. साडेदहा-अकरापासून दुपारी दीडपर्यंत तोंड आणि बाजू दोन्हींवर ऊन येतं. सीपीच्या काठाला याच्या उलट: वर जाणाऱ्या गाडीचं तोंड ईशान्येला, म्हणून तिच्यासाठी सकाळच चांगली.

स्पेन्सेस ब्रिजला महामार्ग पूल ओलांडून पलीकडच्या, म्हणजे सीएनच्या काठाला जातो आणि तिथून अ‍ॅशक्रॉफ्टपर्यंत नदी साधारण उत्तर-दक्षिण आहे. आता सीपी समोर, पूर्व काठाला. तिच्या बाजूवर दुपारनंतर सुरेख ऊन पडतं, पण उत्तरेकडे निघालेल्या इंजिनाचं तोंड सावलीतच राहतं. अपवाद जून-जुलैच्या उतरत्या संध्याकाळींचा. तेव्हा सूर्य वायव्येला मावळतो आणि रात्री आठनंतरही तांबूस तिरपं ऊन तोंडावर येतं, पश्चिमेचा डोंगर आड येत नसेल तर. हे अक्षांश ५० च्या आसपासचे आहेत. जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ६३ अंशांवर असतो आणि डिसेंबरच्या मध्यान्ही अवघ्या १६ अंशांवर. त्यामुळे हिवाळ्यात घळईचा तळ बऱ्याच ठिकाणी दिवसभर सावलीत असतो.

जागांमध्ये पहिली सिस्को. लिटनच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, सिस्का वस्तीजवळ, दोन्ही रेल्वे फ्रेझर ओलांडून काठांची अदलाबदल करतात. सीपीचा पूल त्रिकोणी कैच्यांचा आणि त्याच्या टोकाशीच बोगदा. सीएनचा उंच पोलादी कमानीचा. मूळचा सीपीचा पूल १८८० च्या दशकातला. तो काढून व्हँकुव्हर बेटावरच्या नायगारा घळीवर नेऊन बसवला आणि गोल्डस्ट्रीम उद्यानात तो अजून उभा आहे. सिस्कोची खरी गंमत मात्र वर सांगितलेल्या एकेरी वाहतुकीत आहे. सीपीवरून पूर्वेला निघालेली गाडी इथे पश्चिम काठावरून पूर्व काठाला येते आणि सीएनवरून पश्चिमेला निघालेली गाडीही पश्चिम काठावरूनच पूर्व काठाला येते. महामार्ग आहे पूर्व काठाला, उंचावर. म्हणजे दोन्ही पुलांवरच्या गाड्या तुमच्याकडे तोंड करून येतात. अशी सोय दुसरीकडे कुठे सापडणार! ऊन पूर्वेचा डोंगर चढून पात्रात उतरलं की अकरापर्यंतचा वेळ हाताशी असतो. दुपारनंतर सगळं प्रकाशाविरुद्ध जातं, तेव्हा इथे थांबू नये.

लिटनला थॉम्पसनचं हिरवट निळं, नितळ पाणी फ्रेझरच्या गढूळ पाण्याला मिळतं आणि काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने थॉम्पसनही गढूळते, म्हणून हा फरक पाहायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा. याच गावात २९ जून २०२१ ला ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. तिथल्या लोकांच्या जळक्या चौथऱ्यांवर कॅमेरा रोखू नये. भोवतालची बरीचशी जमीन न्लाकापामुक या मूळनिवासी लोकांची राखीव आहे. रस्ता सोडून आत जायचं तर परवानगी विचारायलाच हवी.

लिटनच्या पुढे काही किलोमीटरवर स्किहिस्ट प्रांतिक उद्यान आहे. वरून थॉम्पसनची अख्खी दरी दिसते. समोर व्हाइट कॅन्यनचे भुसभुशीत, पांढुरके कडे, त्यांच्या अंगावर सीएनचे बोगदे आणि रुळांवर बांधलेली काँक्रीटची दरडछपरं. या कड्यांवरून दगड सतत ढासळतात. रुळांच्या डोंगराकडच्या अंगाला खांबांवर आडव्या तारांच्या रांगा ओढलेल्या दिसतील. ते नुसतं कुंपण नाही. त्या तारांतून वीज खेळते, दगड पडून तार तुटली की सर्किट तुटतं आणि दोन्ही बाजूंचे सिग्नल गाडीला थांबवतात. लांब भिंगातून बघितलं तर काही तारा नव्याने जोडलेल्या ओळखू येतात. असा फोटो काढायचा तर ७०–२०० मिमीचं भिंग हवं. गाडी कड्यापुढे इवलीशी दिसते आणि इथे तसंच दिसायला हवं.

फसगत होते ती एक्स्पोजरमध्ये. फिकट माती आणि पांढरा कडा चौकटभर असला की कॅमेऱ्याचा मीटर चित्र अंधारतो आणि सीएनचं काळं-लाल इंजिन काजळाचा गोळा होऊन जातं. गाडी यायच्या आधीच कड्यावरचा उजळ भाग जळणार नाही इतपत मापून मॅन्युअलवर ठेवावं आणि मग हात लावू नये. गाड्या या वळणांवर फार वेगात नसतात. लांबून १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, जवळून आडव्या जाणाऱ्या गाडीला १/१००० घ्यावं. पोलरायझर फिल्टरने पाण्यावरची चकाकी जाते, पण दीड स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाशही जातो. रुंद भिंगावर तर आकाशाचा एक कोपरा गडद निळा आणि दुसरा फिका होतो, म्हणून मी तो लांब भिंगावरच लावतो. उन्हाळ्यात अकरानंतर तापलेल्या उतारावरून हवा थरथरते. दोन किलोमीटरवरची गाडी मग कितीही महागड्या भिंगातून लिबलिबीतच येते. त्यावर उपाय एकच, जवळची जागा निवडणं. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर दरीत साठतो. माझ्या मते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात उत्तम: हवा स्वच्छ, ऊन तिरपं, काठचे कॉटनवुड पिवळेधमक.

गाडीचा मागमूस लावणं कठीण, कारण वेळापत्रक नाही. रात्री दरड कोसळली किंवा दिवसा रुळांचं काम चाललं की दोन तास शुकशुकाट, मग लागोपाठ चार गाड्या. रेडिओ स्कॅनर असेल तर रुळांकाठची तपासणी यंत्रं कामी येतात. तापलेले अ‍ॅक्सल शोधणारं यंत्र गाडी गेल्यावर मैलाचा आकडा आणि अ‍ॅक्सलची संख्या मोठ्याने सांगतं. संख्येला चारने भागलं की वाघिणींचा अंदाज येतो (इंजिनाला सहा अ‍ॅक्सल असतात). कानांवर फार भरवसा ठेवू नये. नदीचा घोष आणि कड्यांचा प्रतिध्वनी यांत दिशा कळत नाही, आणि उतारावरून येणारी भरलेली गाडी इंजिनांवर जोर नसल्याने अनपेक्षितपणे शांत येते.

पहिलं इंजिन टिपून कॅमेरा खाली ठेवू नका. तीन किलोमीटरची गाडी ताशी ४० ने पुढ्यातून जायला साडेचार मिनिटं घेते, आणि बहुतेक लांब गाड्यांच्या मध्ये किंवा शेवटी आणखी इंजिन असतं. सगळी ओढ पुढूनच लावली तर वळणावर मधल्या वाघिणी आतल्या बाजूला खेचल्या जातात आणि ब्रेकची हवा शेवटापर्यंत पोचायला उशीर लागतो. म्हणून ही इंजिनं विभागून लावतात आणि पुढचा चालक ती रेडिओने चालवतो. मधलं इंजिन बोगद्यातून बाहेर पडतानाचा फोटो पुष्कळदा पहिल्यापेक्षा सरस मिळतो.

वाघिणींकडेही नीट बघावं. एल्क खोऱ्यातला पोलादासाठीचा कोळसा दीडशेच्या आसपास वाघिणींतून जातो. पोटॅशच्या वाघिणींवर कॅनपोटेक्स हे नाव असतं. हे पोटॅश खत म्हणून भारतातही येतं. सस्कॅचवानचा मसूर आणि पिवळा वाटाणा व्हँकुव्हरच्या बंदराकडे जातो तो याच घळईतून. आपल्याकडच्या वाण्याकडे मिळणाऱ्या मसूरडाळीतल्या काही दाण्यांनी हा प्रवास केलेला असतो.

सीपीचे रूळ टाकताना १८८० ते १८८५ या काळात हजारो चिनी मजूर इथे राबले. किमान ६०० जण दगावले असं मानलं जातं. दुसरा, म्हणजे आताचा सीएनचा, मार्ग १९१५ मध्ये पुरा झाला. त्याच्या सुरुंगांमुळे १९१४ मध्ये फ्रेझरच्या पात्रात हेल्स गेटला दरड कोसळली आणि सामन माशांची वाट अडली. पुढे १९४० च्या दशकात त्यांच्यासाठी जिने बांधावे लागले. ते तारेवरच्या पाळण्यातून (रोपवेने) उतरून बघता येतात.

रूळ, पूल आणि बोगदे ही रेल्वेची खासगी हद्द आहे. तिथे पाऊल टाकणं कायद्याने गुन्हा आहे आणि जीवघेणंही. वर सांगितलेल्या जागा रस्त्यालगतच्या थांब्यांवरच्या किंवा उद्यानातल्या आहेत. थांब्यावर गाडी पांढऱ्या रेषेच्या पूर्ण पलीकडे, रस्त्याबाहेर घ्यावी, वळणावर ट्रक भरधाव येतात. वसंतात गवतात गोचिडी, उन्हाळ्यात स्पेन्सेस ब्रिजच्या वर खडकांत रॅटलस्नेक, म्हणून लांब पँट आणि घोट्यावरचे बूट. मोबाइलची रेंज मधेमधे जाते, नकाशा आधी उतरवून ठेवावा. पेट्रोल होपला भरावं, पुढची हमखास सोय कॅश क्रीकला. निघण्यापूर्वी ड्राइव्हबीसी या सरकारी संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे ना ते बघावं. नोव्हेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत रस्ता आणि दोन्ही रेल्वेमार्ग एकाच वेळी तुटले होते. मोठा पाऊस सांगितला असेल तर पुढे न जाता होपलाच मुक्काम करावा.