चाकण ते श्रीपेरंबुदूर आणि परत: डिझेलचे ॲव्हरेज आणि कात्रजचा उतार

जानेवारी महिन्यात मी लांब पल्ल्याची मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीत चालक म्हणून रुजू झालो आणि चाकण ते चेन्नईजवळचे श्रीपेरंबुदूर ही पहिली फेरी सात दिवसांत पूर्ण करून परत आलो. त्याआधी अकरा वर्षे मी पुणे, नगर आणि संभाजीनगर या पट्ट्यात सहाचाकी गाडी चालवत होतो, त्यामुळे गाडी मला नवी नव्हती. नवा होता तो कंपनीचा हिशेब. ज्यांच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे, रात्रीच्या चालवण्याची सवय आहे आणि जे अशा एखाद्या कंपनीत जाण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

भरतीच्या वेळी मला सांगण्यात आले ते असे: पगार 22,000 रुपये, प्रत्येक फेरीमागे वेगळा भत्ता, डिझेल आणि टोल कंपनीचा, हातात पस्तीस हजार सहज पडतील. टोलच्या बाबतीत हे खरे निघाले, कारण फास्टॅग कंपनीच्या खात्याला जोडलेला असतो आणि खेड शिवापूरपासून पुढच्या एकाही नाक्यावर माझ्या खिशातून रुपया गेला नाही. डिझेलच्या बाबतीत मात्र अर्धीच गोष्ट सांगितली गेली. डिझेल कंपनीचे असते, परंतु किती लिटर लागायला हवे हे कंपनी आधीच ठरवून ठेवते आणि त्यापेक्षा जास्त लागले तर तो फरक चालकाच्या नावावर टाकते. हे मला फेरी संपल्यावर, हिशेबाच्या टेबलासमोर उभा असताना कळले.

माझ्या ताब्यात 32 फुटी मल्टी-ॲक्सल कंटेनर होता आणि जाताना त्यात वाहनांचे सुटे भाग भरलेले होते. जाऊन-येऊन आणि माल भरण्यासाठी झालेल्या फेऱ्या धरून गाडी 2,400 किलोमीटर चालली. कंपनीने लिटरला 5 किलोमीटर हे ॲव्हरेज धरले होते, म्हणजे 480 लिटर. प्रत्यक्षात गाडीने 4.4 दिले आणि 545 लिटर लागले. 65 लिटरचे सुमारे 5,900 रुपये कापले गेले, आणि फेरीचा भत्ता 6,000 रुपये होता. सात दिवस आणि सहा रात्री केबिनमध्ये काढून भत्त्यापोटी माझ्या हातात शंभर रुपये पडले. टेबलावरच्या माणसाने छापील कागदावर पेनाने त्या आकड्याभोवती गोल केला आणि सही करायला सांगितले. त्याने आवाजही चढवला नाही, कारण त्याच्या दृष्टीने हे रोजचेच काम होते.

सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम सुरू असल्याने जागोजागी सेवारस्त्यावर उतरावे लागते, पुन्हा वर चढावे लागते, आणि भरलेल्या गाडीत प्रत्येक वेळी खालच्या गिअरपासून सुरुवात करावी लागते. हुबळी–धारवाड बाह्यवळणावरही रुंदीकरणाच्या कामामुळे हीच गत आहे. ज्याने पाच हा आकडा ठरवला, त्याने तो या कामांच्या आधीच्या रस्त्यावरून ठरवला असावा, किंवा रिकाम्या गाडीवरून.

आता ज्या टप्प्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्याविषयी. साताऱ्याकडून पुण्याला येताना नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडले की दरी पुलावरून नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. दिवसा तिथून दुचाकीने जाणाऱ्याला तो उतार म्हणून जाणवतही नाही, इतका तो सौम्य आणि लांब आहे, आणि त्याचा धोका नेमका त्या लांबीत आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका भरलेल्या ट्रकने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली. 13 नोव्हेंबर 2025 रोजी नवले पुलाजवळच पुन्हा भीषण अपघात झाला आणि अनेकांचे प्राण गेले. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ही नावे पाठ आहेत; हजार किलोमीटरवरून रात्री तीन वाजता तिथे पोहोचणाऱ्या चालकाला ती ठाऊक असतीलच असे नाही.

मी तिथे पोहोचलो तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. परतीच्या गाडीत श्रीपेरंबुदूरजवळच्या ओरगडमहून भरलेले टायर होते आणि गाडीसह एकूण वजन 22 टनांच्या आसपास होते. बोगद्यातून बाहेर पडण्यापूर्वीच मी पाचवा गिअर टाकला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा ब्रेक) सुरू केला आणि वेग 30 च्या वर जाऊ दिला नाही. दरी पुलाच्या पुढे उजव्या बाजूने एक ट्रेलर माझ्या पुढे गेला. त्याचे इंजिन ऐकूच आले नाही. फक्त टायरची सळसळ ऐकू आली, आणि पाठोपाठ ब्रेकच्या जळलेल्या लायनरचा वास केबिनमध्ये भरला. तो न्यूट्रलमध्ये, म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून, उतरत होता. त्याचे मागचे लाल दिवे स्वामीनारायण मंदिराच्या अलीकडे लागत, विझत, लागत राहिले, म्हणजे तो पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता. सुदैवाने त्या वेळी खाली रस्ता मोकळा होता.

तो माणूस बेफिकीर होता असे मला वाटत नाही. त्याच्याही डोक्यात एखादा पाचाचा किंवा साडेचाराचा आकडा असणार. म्हणून न्यूट्रलविषयी जे मला माहीत आहे ते स्पष्ट लिहितो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा थांबतो आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहावे म्हणून थोडे डिझेल जळतच असते. त्या उतारावर न्यूट्रल टाकून लिटरभरही डिझेल वाचत नाही. काही जण त्यापुढे जाऊन इंजिनच बंद करतात, आणि ते तर आत्मघातकी आहे, कारण इंजिन बंद पडले की ब्रेकला लागणारी हवा टाकीत भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टीअरिंग जड होते, एक्झॉस्ट ब्रेक निकामी होतो आणि गाडीचा सगळा भार चाकांतल्या लायनरवर येतो. लायनर तापले की पेडल दाबूनही पकड मिळत नाही. प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते ती वेगळीच. ज्या गिअरमध्ये हा रस्ता चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे. फक्त तो गिअर बोगद्याच्या आत असतानाच टाकायला हवा, उतारावर वेग वाढल्यानंतर तो पडत नाही.

याच प्रवासात आणखी दोन ठिकाणी हे लक्षात ठेवावे. जाताना पलमनेर सोडून चित्तूरकडे उतरणारा मोगिली घाट आहे, आणि परतताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर लगेच येणारे इंग्रजी एस आकाराचे वळण आहे. बोगद्यात डोळ्यांना लागलेली सवय आणि उतार यांमुळे ते वळण अपेक्षेपेक्षा लवकर येते. खंबाटकीच्या पायथ्याला मी गाडी उभी करून वीस मिनिटे थांबलो आणि मागच्या चाकांजवळ तळहात धरला. ड्रमला हात न लावताही वीतभर अंतरावरून धग जाणवत होती, आणि मी तर सगळा उतार गिअरमध्ये उतरलो होतो. कात्रजला पोहोचण्यापूर्वी हा थांबा घेणे मी प्रत्येकासाठी सक्तीचे मानतो.

वेळेविषयीही माझी फसवणूक झाली, आणि ती अशी की इतरांचीही होऊ शकेल. चाकण ते श्रीपेरंबुदूर हे अंतर सुमारे 1,150 किलोमीटर आहे आणि कंपनीने मला, एकट्या चालकाला, 48 तास दिले होते. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी 45 धरला तर नुसते चालवण्याचेच पंचवीस-सव्वीस तास होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 प्रमाणे दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा सर्वसाधारण नियम होता. त्या हिशेबाने या प्रवासाला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. चित्रदुर्गच्या अलीकडे मी झोपायला थांबलो तेव्हा चाळीस मिनिटांत फोन आला की गाडी जीपीएसवर उभी दिसते आहे, आणि वेळेत पोहोचलो नाही तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीखाली लागणारा मुदतीचा ऑनलाइन दस्तऐवज) संपेल. मी घाबरून उठलो आणि अर्धवट झोपेत तुमकूरपर्यंत गाडी हाकली, हे मला आज लिहितानाही लाज आणते. ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरमागे एक दिवस असते, म्हणजे या अंतराला सहा दिवस मिळतात. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवूनही घेता येते. निघण्यापूर्वी ई-वे बिलावरची शेवटची तारीख स्वतः वाचावी आणि फोनवर ती भीती कोणी घातली तर तारीख वाचून दाखवावी. झोप येत असताना गाडी पुढे न्यायची नाही, मग फोन कोणाचाही असो.

बंगळूर शहरात दिवसा जड वाहनांना मज्जाव असतो, त्यामुळे तुमकूरनंतर दाबसपेटहून दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळीमार्गे होसकोट गाठावे. हा नवा वळणरस्ता उत्तम आहे. तिथून कोलार, मुळबागल, चित्तूर, राणीपेट. या दीड दिवसात विशेष काही घडले नाही.

श्रीपेरंबुदूरला गाडी खाली व्हायला 31 तास लागले. कारखान्याच्या दाराबाहेर रांगेत उभे राहावे लागते, सावली नाही, स्नानगृह नाही, आणि गाडी सोडून लांब जाता येत नाही, कारण रांग केव्हा पुढे सरकेल ते कोणी सांगत नाही. 1 ऑक्टोबर 2025 नंतर तयार झालेल्या जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, परंतु माझी गाडी त्याआधीची होती आणि बहुतेक कंपन्यांच्या गाड्या अजून काही वर्षे त्याआधीच्याच असणार. पाण्याचे वीस लिटरचे कॅन आणि छोटा पंखा बरोबर असावा. थांबलेल्या वेळेचे जे पैसे माल पाठवणाऱ्याकडून मिळतात ते कंपनीला मिळतात. त्यातला वाटा चालकाला किती, हे आधी विचारावे. मी विचारले नव्हते आणि मला काही मिळाले नाही.

शेवटचा खर्च चाकणमध्येच झाला. टायर उतरवण्याच्या गोदामात वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, म्हणून माझ्याकडे 1,800 रुपये मागण्यात आले. मी पावती मागितली तेव्हा गाडी रांगेतून बाहेर काढायला सांगितले गेले. अखेर 1,500 देऊन पावतीशिवाय माल उतरला, आणि कंपनीने हिशेबात 800 धरले. म्हणजे आणखी 700 रुपये माझेच गेले, आणि शंभर रुपयांचा तो भत्ताही वजा सहाशे झाला. ज्याचा माल त्याचा हमाल, ही वाहतूकदारांची मागणी जुनी आणि पूर्णपणे न्याय्य आहे. माल माझा नाही, गोदाम माझे नाही, मी तो फक्त सुखरूप आणून दिला आहे. तो उतरवण्याचा खर्च माझ्या खुराकीतून जाण्याचे काहीही कारण नाही. गोदामात गाडी लावण्यापूर्वी कंपनीच्या माणसाला फोन लावून रक्कम त्याच्याकडून लिखित संदेशात मंजूर करून घ्यावी, आणि ती येईपर्यंत दार उघडू नये. युरियाचेही (धूर शुद्ध करण्यासाठी गाडीत वेगळा भरावा लागणारा द्रव) तसेच: तो संपला की गाडीची ताकद घटते, म्हणून चालक घाईने स्वतःच्या पैशांनी भरतो आणि बिल हरवते. पंपावरच बिलाचे छायाचित्र काढून पाठवावे.

माझे मत विचाराल तर एकट्या चालकाने 48 तासांच्या मुदतीवर ही फेरी घेऊ नये. दुसरा चालक बरोबर असेल तरच घ्यावी. किल्ली हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर असाव्यात: त्या विशिष्ट गाडीचे भरलेले आणि रिकामे ॲव्हरेज वेगवेगळे, जास्त लागलेल्या डिझेलची कपात किती आणि कोणत्या दराने, आणि वाचलेल्या डिझेलचे पैसे मिळणार की नाही. जी कंपनी कपात लिहून देते आणि बचत लिहून देत नाही, तिथे थांबू नये. ॲव्हरेज तोंडी असेल तर प्रत्येक उतारावर हात आपोआप न्यूट्रलकडे जातो, आणि तो हात आवरणे पहाटे तीन वाजता फार अवघड असते. माझाही गेला होता, खंबाटकीला, क्षणभर.

हिशेबाच्या दुसऱ्या दिवशी मी पर्यवेक्षकाकडे 545 लिटरची सगळी बिले आणि कामांमुळे वळवलेल्या रस्त्यांची यादी घेऊन गेलो. तासभर बोलणे झाले. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या फेरीसाठी त्यांनी दुसरा चालक दिला आहे, आणि गाडीच्या क्रमांकासह भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज 4.5 असे लिहून, तारीख घालून सही केली आहे. तो कागद केबिनमध्ये आरशाच्या खाली चिकटवला आहे.