आमची वाटचाल: काकूचा वैताग आणि प्रिंटरची वही

रामबागेतल्या काकांच्या घराची माडी, एक सेकंडहँड पेन प्लॉटर (पेनाने नकाशे काढणारं यंत्र) आणि हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर, एवढ्यावर मी आणि माझ्या मावसभावाने दुकान मांडलं. इंदुरातले आर्किटेक्ट फ्लॉपीवर नकाशे आणायचे, आम्ही शीटमागे पैसे घेऊन छापून द्यायचो. प्लॉटरच्या कडेला गोल चकती, तिच्यात आठ पेनं. भिंतीला जाड काळं, मापांना बारीक लाल. पेन बदलायचं की यंत्राचा हात कडेपर्यंत धावायचा, खट्ट करून एक ठेवायचा, खुट्ट करून दुसरं उचलायचा. फाइलमध्ये भिंत, माप, भिंत, माप असा क्रम असला की रात्रभर खट्ट-खुट्ट. एकदा काकू जिन्यातूनच ओरडली, "अरे, त्याला एकदा काय ते काळं संपवू द्या की रे!"

आमचं पहिलं सॉफ्टवेअर ते हेच. प्लॉटरची एचपी-जीएल भाषा सोपी, 'एसपी' आणि पुढे पेनाचा नंबर. फाइल वाचायची, एकेका पेनाच्या रेषा गोळा करायच्या आणि सगळं काळं संपलं की लाल काढायचं. नकाशा तोच, पण आता काकू झोपू शकायची. तो प्रोग्राम गावातल्या आणखी दोन-तीन प्लॉटरवाल्यांनी विकत घेतला आणि आम्हाला वाटलं, आपण ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला त्याच्या भाषेत काम सांगणारे प्रोग्राम, लिहिणारे झालो.

मग पोस्टस्क्रिप्टने नाक कापलं. पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी अडोबीची ही भाषा १९८४ ची, ती समजणारा ॲपलचा लेझररायटर प्रिंटर १९८५ चा; आमच्या माडीपर्यंत पोचायला तिला बरीच वर्षं लागली. सियागंजातल्या एका शेठजींच्या हिशेबाच्या प्रोग्राममधून बिलं छापायची होती. एकाआड एक ओळीखाली करडा पट्टा, वर काळे आकडे. आम्ही जुनी युक्ती लावली: आधी सगळं काळं, मग सगळं करडं. पोस्टस्क्रिप्टमध्ये नंतरचा रंग आधीचा झाकतो, हे वाचलेलं होतं, पण डोक्यात उतरलं नव्हतं. शेठजींनी कागद उजेडात धरला. "भिया, पट्टे तो बढ़िया हें, हिसाब किधर गया?"

म्हणजे क्रमाला हात लावायचा नाही. उरलं काय? तेच तेच सांगणं बंद करायचं. आमचा ड्रायव्हर प्रत्येक रेषेआधी जाडी आणि रंग नव्याने पाठवायचा. जाडीची आज्ञा १७ बाइटची, रंगाची १८. चाळीस ओळी, दहा रकाने, प्रत्येक खणाला चार रेषा, म्हणजे १,६०० रेषा आणि ५६,००० बाइट नुसती पुनरुक्ती. ९६०० बॉडच्या सिरियल केबलमधून सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. एका पानामागे जवळजवळ एक मिनिट आम्ही प्रिंटरला त्याला आधीच माहीत असलेलं सांगत होतो.

उपाय कागदावर अगदी साधा. दोन वह्या ठेवायच्या. प्रोग्रामने काय मागितलं ते एकीत, प्रिंटरकडे या घडीला काय आहे ते दुसरीत. रंग बदला म्हटलं तर काही पाठवायचं नाही, फक्त पहिल्या वहीत नोंद करायची आणि एक बिट, म्हणजे 'इथे बदल झाला' अशी खूण, उचलून ठेवायचा. खरोखर रेषा ओढायची वेळ आली की उचललेले बिट बघायचे आणि दोन वह्यांत जिथे फरक असेल तेवढंच पाठवायचं. रंग पाच वेळा बदलून परत पहिल्यावरच आला तर काहीच जात नाही. ताडताना मात्र छापून गेलेला, दशांशात कापलेला आकडा ताडायचा, मेमरीतला नव्हे; नाहीतर ०.५ आणि ०.५००००१ यांच्या भांडणात पुन्हा तीच आज्ञा जात राहते.

बिल भराभर निघू लागलं. आठवडाभराने फोन: "भिया, टोटल का डब्बा दुबला हो गया." एकूण रकमेची जाड चौकट बारीक येत होती, तीही फक्त लोगो असलेल्या बिलांवर. तीन दिवस गेले. लोगोच्या आधी 'जीसेव्ह' (आत्ताचा रंग, जाडी जपून ठेव), नंतर 'जीरिस्टोअर' (जपलेलं परत आण), मधे जाडी वाढवलेली. रिस्टोअर म्हटल्याबरोबर प्रिंटर जुन्या जाडीवर गेला, आमची वही मात्र जाड रेषेवरच बसून. चौकटीला जाड रेषा हवी होती, वही म्हणाली आहेच की, आणि आज्ञा गेलीच नाही. तेव्हापासून प्रत्येक सेव्हला वहीची प्रत काढून चळतीवर ठेवतो, रिस्टोअरला तीच प्रत खरी मानतो. आणि जिथे खात्री नाही, रीसेट झाला, भलत्याच प्रोग्रामचा तुकडा मधे घुसला, तिथे वहीत 'माहीत नाही' लिहायचं. त्यापायी चार बाइट जास्त गेले तर जाऊ देत. नवी मुलं या शब्दाला बिचकतात. मला तो आमच्या अख्ख्या कोडमधला सगळ्यात कामाचा वाटतो.

पुढे पीडीएफ आल्यावर क्लिपने आणखी छळलं. 'या चौकटीबाहेर छापू नको' असं पीडीएफला सांगता येतं, पण चौकट लहानच करता येते, मोठी नाही. मोठी हवी तर मागच्या सेव्हवर परत जायचं, आणि त्यासरशी रंग, जाडी, फॉन्ट सगळंच मागे जातं. म्हणून क्लिप बदलली की आधी परत फिरणं, मग नवा सेव्ह, मग नवी क्लिप, आणि बाकीचा फरक पुन्हा काढणं, हाच क्रम. हा उलटसुलट झाला की काय होतं ते मी इथे लिहीत नाही, मावसभाऊ वाचतो आहे.

आता आम्ही सहा जण, माडी सोडून सुदामानगरात. नकाशे केव्हाच बंद झाले. काम मुख्यतः पीथमपूरच्या बाजूच्या औषधांच्या खोक्यांचं आणि लेबलांचं. तिथे रंग, जाडी यांच्या जोडीला वहीत एक जास्तीची गोष्ट येते, ओव्हरप्रिंट. काळं अक्षर रंगावर चढवून छापायचं की खालचा रंग तेवढ्या आकारात कापून काढायचा, हे ती ठरवते. तीही सेव्ह-रिस्टोअरबरोबर मागेपुढे होते. गेल्या महिन्यात एका खोक्यावर अक्षरांभोवती केसाएवढी पांढरी कड दिसली. रात्रपाळीला जाऊन मशीनजवळ लूप (छपाई तपासायचं भिंग) डोळ्याला लावून उभा राहिलो. आमच्याच वहीत ओव्हरप्रिंटचा रकाना प्रतीतून सुटला होता. एका ओळीची दुरुस्ती. मशीनवाल्याने नवं खोकं उलटसुलट केलं, "अब ठीक हे" म्हणाला आणि चहा मागवला.

त्या कामाचं पेमेंट अजून यायचंय.