क्लॉज की फ्रेज? इंग्रजी वाक्य सोडवताना मराठीचा मला झालेला उपयोग

इंग्रजीचं लांबलचक वाक्य समोर आलं की मी लगेच अर्थ लावायला जात नाही. आधी काळ दाखवणारी क्रियापदं शोधते. इंग्रजी व्याकरणात त्यांना फायनाइट व्हर्ब म्हणतात. अशी क्रियापदं जितकी, साधारण तितके क्लॉज. 'कर्ता आणि क्रियापद असलेला शब्दसमूह' ही क्लॉजची नेहमीची व्याख्या बरोबरच आहे, पण 'स्टँडिंग', 'रिटन', 'टु गो' ही रूपंही क्रियापदासारखीच दिसतात आणि गाडी तिथेच अडते. त्यावर माझा उपाय म्हणजे अख्खं वाक्य भूतकाळात करून बघायचं. 'द मॅन स्टँडिंग ॲट द गेट इज माय अंकल' या वाक्यात फक्त 'इज'चं 'वॉज' होतं, 'स्टँडिंग' जागचं हलत नाही. म्हणून 'स्टँडिंग ॲट द गेट' ही फ्रेज, म्हणजे फायनाइट व्हर्ब नसलेला शब्दसमूह. 'द मॅन हू इज स्टँडिंग ॲट द गेट इज माय अंकल' यात दोन्ही 'इज' बदलतात, म्हणजे क्लॉज दोन. वाक्य मुळातच भूतकाळात असेल तर उलट वर्तमानकाळात आणायचं. 'मस्ट'चं रूप मात्र बदलत नाही, तरी त्याचा क्लॉज मोजायचा.

मराठीत हा फरक आपण रोज बोलतो. 'गेटजवळ उभा असलेला माणूस माझा मामा आहे' ही एक रचना, 'जो माणूस गेटजवळ उभा आहे, तो माझा मामा आहे' ही दुसरी. पहिली फ्रेजच्या जवळची, दुसरीत सरळ सरळ दोन क्लॉज. अडचण येते ती दुसरीत. मराठीत 'जो' आला की पाठोपाठ 'तो' येतो, आणि त्या सवयीने 'हू इज स्टँडिंग ॲट द गेट, ही इज माय अंकल' असं लिहिलं जातं. इंग्रजीत ते 'ही' नको. शिवाय मराठीत जो-वाक्य बहुतेक वेळा आधी येतं. इंग्रजीत नाम आधी आणि त्याला लागूनच क्लॉज.

सर्वांत जास्त चुका मला दिसतात त्या विभक्तीच्या. 'ज्या पेनाने मी लिहितो ते लाल आहे' याचं 'द पेन विच आय राइट इज रेड' असं होतं. पेनाला लागलेला 'ने' मध्येच गळाला! म्हणून आतला क्लॉज आधी सुटा लिहावा: 'आय राइट विथ इट.' मग 'इट' काढून 'विच' घ्यायचं आणि ते पुढे आणायचं. 'द पेन विच आय राइट विथ' किंवा 'द पेन विथ विच आय राइट', दोन्ही बरोबर. 'विथ दॅट' इथे चालत नाही. सुट्या वाक्यातलं 'इट' काढायचं विसरलं की 'द बुक विच आय बॉट इट' तयार होतं.

'हू' की 'हूम' हेही याच सुट्या वाक्यावर ठरतं. 'आय मेट हर' असेल तर 'हर' हे कर्म, म्हणून 'हूम'. बोलताना 'हू' सर्रास चालतं, पण परीक्षेत 'हूम'च लिहावं. 'द गर्ल हू आय थिंक विल विन' यात 'आय थिंक' बघून हात 'हूम'कडे जातो. सुटं वाक्य मात्र 'शी विल विन' आहे, म्हणून 'हू'. 'हू', 'विच' यांसारखं जोडणारं सर्वनाम गाळायचं असेल तरी हीच कसोटी. ते कर्म असेल तर गाळता येतं ('द बुक आय बॉट'), कर्ता असेल तर नाही. 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल' हे वाक्य चूक.

'व्हेअर', 'व्हेन', 'हू' हे शब्द प्रश्नातही येतात आणि संबंधी म्हणूनही. मराठीने इथे काम सोपं करून ठेवलंय: प्रश्नाला 'क', संबंधाला 'ज'. 'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज', म्हणजे तो कुठे राहतो. 'क' आला, तेव्हा नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारा. 'द व्हिलेज व्हेअर आय लिव्ह', म्हणजे मी जिथे राहते ते गाव. 'ज' आला आणि आधी नाम आहे, म्हणून त्या नामाचं वर्णन करणारा ॲडजेक्टिव्ह क्लॉज. 'पुट इट व्हेअर आय कॅन सी इट' यातही 'जिथे'च येतं, पण आधी ज्याचं वर्णन करावं असं नाम नाही. तो ॲडव्हर्ब क्लॉज, म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करणारा.

'दॅट'साठीही अशीच कसोटी आहे. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' म्हणजे त्याने आणलेली बातमी. 'द न्यूज दॅट ही हॅड पास्ड' म्हणजे तो पास झाल्याची बातमी. मराठीत 'आणलेली' आणि 'झाल्याची' हा फरक कानालाच कळतो. पहिल्यात 'ब्रॉट'चं कर्म हरवलंय, तिथे 'विच' चालतं. दुसऱ्यात 'ही हॅड पास्ड' स्वतःच पूर्ण आहे, तिथे 'विच' बसत नाही.

स्वल्पविरामाकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर' म्हणजे भाऊ अनेक, त्यांतला पुण्यात राहणारा डॉक्टर. 'हू लिव्ह्ज इन पुणे'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिला की भाऊ एकच, पुणे ही जादा माहिती. अशा ठिकाणी 'दॅट' वापरू नये. आणि 'ही पास्ड, विच सरप्राइज्ड अस' या वाक्यात 'विच'च्या आधी योग्य नाम शोधत बसू नये. ते मागच्या सगळ्या वाक्याकडे बोट दाखवतं: तो पास झाला, याचं आम्हाला नवल वाटलं.