ग्लेनमोरची थंडी आणि 10 अँपिअरचा हिशेब

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, गाडीला कॅरावॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) जोडून लीड्सहून स्कॉटलंडला निघालो. पर्थ सोडलं की ए9 रस्ता डोंगरात शिरतो, दोन्ही बाजूंना बर्चची झाडं नुसती सोनेरी झालेली, आणि आई खिडकीला नाक लावून "आपल्या महाबळेश्वरासारखंच आहे गं सगळं" म्हणत होत्या. मुक्काम एव्हिमोरच्या पुढे ग्लेनमोरला, लॉख मॉर्लिख तलावाच्या काठी. समोर केर्नगॉर्म डोंगर, 1245 मीटर, माथ्यावर पहिला बर्फ.

पोचलो, कॅरावॅनच्या केबलचा निळा प्लग साइटवरच्या विजेच्या खांबात घातला, हीटर लावला. आमच्या हीटरला 500, 1000 आणि 2000 वॅट अशा तीन पायऱ्या आहेत, आई गारठल्या होत्या म्हणून मी सरळ 2000 वर टाकला. दहा मिनिटांत छान ऊब आली. मग चहा. पण गॅसची शेगडी काही नीट पेटेना, ज्योत अगदी मिणमिणती, कारण बाटली उन्हाळ्यातली, ब्युटेनची, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, तसाच द्रव बसून राहतो (थंडीत लाल बाटलीतला प्रोपेनच लागतो, ही चूक माझी). म्हणून घरून आणलेली विजेची केटल लावली.

थोड्या वेळाने आई म्हणाल्या, "वारा गार येतोय का गं?" हात धरून बघितलं तर खरंच गार. पंखा चालू, दिवे चालू, पाण्याचा पंप चालू, म्हणजे वीज आहे, मग हीटरच गेला असणार असं आम्ही धरून चाललो आणि पाऊण तास त्या थर्मोस्टॅटशी झटत बसलो. बाहेर 1 डिग्री, लेक कानटोपी घालून आजीच्या गोधडीत. केटलकडे कोणाचं लक्षच नाही.

शेवटी आईच म्हणाल्या, "अगं, माझा फोन पण चार्ज होत नाहीये."

तिथे डोक्यात उजेड पडला. कॅरावॅनमध्ये दोन विजा असतात. दिवे, पंप आणि हीटरचा पंखा 12 व्होल्टच्या बॅटरीवर, आणि प्लगचे पॉइंट आणि हीटरची कॉइल बाहेरून येणाऱ्या 230 व्होल्टवर. बाहेरची गेली तरी दिवे मस्त चालू राहतात आणि पंखा गार वारा फेकत राहतो. त्यामुळे हीटर गार झाला की दिवे बघून काहीच कळत नाही, आधी फोनचा चार्जर लावून बघायचा.

शेजारच्या कॅरावॅनमधले एक म्हातारे स्कॉटिश आजोबा टॉर्च घेऊन आले. खांबावरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला होता. साइटचं कनेक्शन 10 अँपिअरचं, 230 गुणिले 10 म्हणजे 2300 वॅट. हीटर 2000, केटल 3000, शिवाय फ्रिज आणि बॅटरीचा चार्जर. पडणार नाही तर काय! आजोबांनी नंतर आमच्या केबलच्या रिळाला हात लावला आणि मान हलवली. 25 मीटरची केबल आम्ही लागेल तेवढीच सोडली होती, बाकी गुंडाळलेली, आणि ते गुंडाळं कोमट झालेलं. गुंडाळ्यात उष्णता साठून राहते, जास्त लोडवर इन्सुलेशन वितळू शकतं. त्या काळोखात उभं राहून त्यांनी स्वतः आमच्याबरोबर अख्खी केबल सोडून गवतावर पसरली. त्या माणसाचे किती आभार मानावेत!

एमसीबी वर केला, ऊब आली, वीस मिनिटांनी परत गार! पण ह्या वेळी फोन चार्ज होत होता. म्हणजे 230 आहे, गडबड आत आहे. मॅन्युअल काढून वाचलं. हवा बाहेर पडायची जाळी दाबली गेली तर आतलं तापमान वाढतं आणि सुरक्षेसाठी कॉइल आपोआप बंद होते, पंखा मात्र चालूच. आणि जाळी कुठे, तर आम्ही गोधड्या आणि बॅगा रचल्या होत्या त्यांच्या बरोबर मागे. आई खाली बसून एकेक गोधडी ओढून काढायला लागल्या, त्यांना थांबवलं तरी ऐकेनात. हीटर बंद ठेवून पूर्ण थंड होऊ दिला, मग परत लावला, ह्या वेळी 1000 वर.

रात्रभर तो 1000 वरच चालला. आत 18 डिग्री, बाहेर पहाटे गवतावर पांढरं दहिवर आणि गाडीच्या काचेवर बर्फाचा थर. केटल लावायची तर आधी हीटर 500 वर असं ठरवलं होतं, पण 500 अधिक 3000 म्हणजे तरी 2300 च्या वरच की, म्हणून ती केटल डिकीत टाकली आणि सकाळी एव्हिमोरला जाऊन लाल बाटली आणली. आल्याचा चहा झाला तेव्हा साडेदहा वाजले होते, पहिला कप लेक शेजारच्या आजोबांना देऊन आली.